डाव्या हाताचा बंदोबस्त

माणसाला दोन हात असतात, ही गोष्ट मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत शाळेतल्या शरीरशास्त्राच्या पुस्तकाने सांगितली तेवढीच ठाऊक होती. त्या दोहोंपैकी एक कधी रिकामा राहू शकतो, आणि रिकामा राहिला असता तो आपल्या मालकिणीची अब्रू चारचौघांत चव्हाट्यावर मांडू शकतो, हा शोध मात्र मला न्यूयॉर्क शहरी, मॅनहॅटनमधील एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, साल्सा नामक नृत्याचे धडे गिरवीत असताना लागला.

तेथे मी कशी पोचले याची कैफियत थोडक्यात अशी. मुलगी शिक्षणासाठी दूरच्या राज्यात गेली, न्यू जर्सीतले आमचे घर संध्याकाळी नको तितके शांत वाटू लागले, आणि त्यातच डॉक्टरांनी व्यायामाचे फर्मान काढले. दर बुधवारी संध्याकाळी हडसन नदी ओलांडून पलीकडे कोठेतरी जायचे, एवढे प्रथम ठरले. कोठे, ते मागाहून ठरले. "मी साल्सा शिकते आहे," असे आमच्या घरी जाहीर केले तेव्हा यजमानांनी वर्तमानपत्रातून मान न काढता "तिखट कमी घाल," असे सांगितले, आणि खरे पाहता त्यांचे फारसे चुकले नव्हते. साल्सा या स्पॅनिश शब्दाचा मूळ अर्थ रस्सा, कालवण, तोंडीलावणे असाच आहे. या संगीताचे एक सम्राट टिटो प्वेंते हेही या नावावर कायम नाराज असत. आपण वाजवतो तो मांबो, साल्सा ही जेवणाच्या ताटातली वस्तू, अशी त्यांची तक्रार होती. उलट या संगीताची सम्राज्ञी सेलिया क्रूझ भर गाण्यात "असूकार!" म्हणून आरोळी ठोकीत असे, आणि असूकार म्हणजे साखर. मायामीतल्या कोणा उपाहारगृहातील वाढप्याने कॉफीत साखर हवी का म्हणून विचारले, आणि क्युबात जन्मलेल्या बाईला हा प्रश्न विचारवला तरी कसा, या सात्त्विक संतापातून त्या आरोळीचा जन्म झाला, असे ती सांगे. कालवणात साखर टाकण्याच्या या रीतीने पुष्कळांना बुचकळ्यात टाकले असेल. आमटीत गूळ घालणाऱ्या पुण्याच्या घरातून आलेल्या मला मात्र तेथे पहिल्या दिवसापासून माहेरासारखे वाटले.

आता या नृत्याची राज्यपद्धती सांगितली पाहिजे. यात जोडीतला एक 'लीड' असतो आणि दुसरा 'फॉलो'. बहुधा पुरुष पहिला आणि स्त्री दुसरी, तथापि तसा कायदा नाही, आणि आमच्या वर्गात दोन पुरुष उत्तम फॉलो होते. मराठीत मी यांस नेता आणि अनुगामिनी अशी नावे दिली. "अनुगामिनी? तू?" एवढेच यजमान म्हणाले, आणि पंचवीस वर्षांच्या संसारात माझ्याकडून ज्यांच्या एकाही सूचनेची अंमलबजावणी झालेली नाही अशा गृहस्थाने याहून अधिक काही म्हणू नये हेच शोभून दिसले. नेत्याने हुकूम सोडायचा, तोही तोंडाने नव्हे, तर हाताच्या तळव्याच्या किंचित दाबाने. आणि अनुगामिनीने त्याची तामिली करायची. हुकूम पोचण्यापूर्वीच तामिली केली तर तो गुन्हा, आणि पोचल्यावर विचार करीत राहिले तर तोही गुन्हा. खात्यात नवीन लागलेल्या कारकुनाची जी स्थिती, तीच माझी पहिले सहा महिने होती.

पावलांचे प्रकरण त्यामानाने लवकर मिटले. आठ मात्रांचे आवर्तन. त्यात एक-दोन-तीन आणि पाच-सहा-सात या मात्रांवर पावले पडतात, चौथी व आठवी मात्रा पायांना सुट्टी. न्यूयॉर्कची जी खास चाल, जिला तेथे 'ऑन टू' म्हणतात, तीत अनुगामिनी दुसऱ्या मात्रेवर डावा पाय पुढे टाकून दिशा पालटते आणि सहाव्या मात्रेवर उजवा मागे टाकून. हार्लेममध्ये वाढलेले एडी टोरेस रस्त्यावर आणि नृत्यगृहांत पाहून पाहून नाचायला शिकले, आणि पुढे जून लाबर्टा नावाच्या बॉलरूम नृत्याच्या शिक्षिकेच्या मदतीने त्यांनी या चालीला मात्रांच्या हिशेबात बसवले. जे अंगात होते ते दप्तरी दाखल झाले, म्हणूनच माझ्यासारखीला ते आकडे मोजून शिकता आले. अंगात काही होते म्हणून शिकले, असा दावा मी करणार नाही. कटीविषयीही माझा गैरसमज होता. ती हलवायची नसतेच. गुडघा वाकवून शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर नीट पोचवला की ती आपोआप हलते. हे कळल्यावर माझ्या मनावरचे फार मोठे ओझे उतरले, कारण जे आपोआप होते त्याची जबाबदारी सदाशिव पेठेतल्या संस्कारांवर येत नाही.

उरला डावा हात.

या नृत्यात पुष्कळ वेळा असे होते की नेत्याच्या डाव्या हातात अनुगामिनीचा उजवा हात असतो, हुकूम-तामिलीचा सर्व कारभार त्या एका मार्गाने चालतो, आणि तिचा डावा हात बाजूला अगदी मोकळा, बेवारस, कोणत्याही खात्याकडे वर्ग न झालेला असा लोंबत राहतो. या हाताने काहीतरी शोभिवंत करावे अशी अपेक्षा असते, आणि त्या शोभिवंत करण्याला 'स्टायलिंग' म्हणतात. आमच्या शिक्षिकाबाई ब्राँक्समध्ये वाढलेल्या, पोर्तो रिकोच्या आईवडिलांची लेक. त्यांच्या डाव्या हाताकडे पाहिले की तो जणू त्या गाण्याचाच एक वादक आहे असे वाटे, आणि आरशातल्या माझ्या डाव्या हाताकडे पाहिले की बसस्थानकावर कोणी पिशवी विसरून गेले आहे असे वाटे.

मी याचा पुष्कळ विचार केला, आणि दोष माझा नसून परंपरेचा आहे अशा समाधानकारक निष्कर्षाला आले. आमच्याकडे नाचताना हात रिकामा ठेवण्याची चालच नाही. लेझीम घ्या, दोन्ही हात गुंतलेले. वारकऱ्याच्या दोन्ही हातांत टाळ. टिपऱ्या तर दोन हातांशिवाय संभवतच नाहीत. झिम्म्यात एकीचे दोन्ही तळवे दुसरीच्या दोन्ही तळव्यांवर. आणि मंगळागौरीच्या फुगडीत तर चारही हात असे घट्ट गुंफलेले की सुटले तर दोघींनी भिंतीवरच जावे. (फुगडीचे उपकार मी विसरणार नाही. मागे झुकून जोडीदाराच्या वजनावर आपले वजन तोलायचे कसे, हे साल्साच्या वर्गात इतरांना महिनाभर समजत नव्हते. मला ते आठव्या वर्षापासून येत होते. मात्र फुगडीत डोळे समोरच्या मैत्रिणीवर खिळवून जग मागे फिरू द्यायचे असते, आणि येथे गिरकी घेताना भिंतीवरची एखादी खूण धरून मान सर्वांत शेवटी वळवायची व सर्वांत आधी परत आणायची असते. हा फरक ध्यानी येईपर्यंत मी दोनदा खिडकीच्या पडद्याला नमस्कार केला.) एक लावणी काय ती हाताला मोकळीक देणारी; पण ती आमच्या घरात रेडिओवर लागली तरी आजोबा खाकरत, आणि त्या खाकरण्याच्या तालावर हाताच्या लकबी शिकणे शक्य नव्हते. नाचाबाहेर पाहावे तर बायकांच्या हाताला रिकामपण मिळतेच कोठे? डबा, पिशवी, मूल, पदर, वाढण्याची पळी यांपैकी काही ना काही त्यात असायचेच. सत्तेचाळीस वर्षे ज्या हाताने एकदाही रजा घेतली नाही, त्याला एके दिवशी भरपगारी सुट्टी देऊन "आता सुंदर दिस" असे सांगितले, तर तो गोंधळणारच.

शिक्षिकाबाईंचा उपदेश सोपा होता. हात बोटांपासून सुरू होत नाही, पाठीच्या फऱ्यापासून सुरू होतो; आधी कोपर निघते, मग मनगट, आणि बोटे सर्वांत शेवटी; हात अंगाच्या जवळून जाऊ द्यावा, शेजारच्या जोडीच्या हद्दीत अतिक्रमण करू नये; आणि जे सुरू केले ते पुरे करावे, अर्ध्यावर सोडू नये. हे शेवटचे कलम मला विशेष लागू होते. माझा हात मोठ्या उमेदीने निघे, खांद्यापर्यंत पोचे, तेथे त्याला आपण कोठे निघालो होतो याचा विसर पडे, आणि मग तो दुसऱ्याच्या घरात चुकून शिरलेल्या पाहुण्यासारखा मुकाट्याने खाली येई.

तेव्हा मी घरी अभ्यास आरंभिला. चित्रफिती पाहून पाहून अकरा प्रकार वहीत उतरवून काढले: केसांवरून हात फिरवणे, मानेमागून पुढे आणणे, गालाजवळून वर नेऊन पाकळ्यांसारखी बोटे उलगडणे, कंबरेवर टेकवणे, इत्यादी. स्वयंपाकघरातल्या काचेच्या दारासमोर उभी राहून मी ते घोकू लागले. एका रविवारी पुण्याहून आईचा व्हिडिओ कॉल चालू असताना, फोन ओट्यावर टेकवून ठेवला आहे हे विसरून, मी पाचवा प्रकार केला.

"काय गं, भाजलं का?" आईने घाबरून विचारले.

"नाही गं आई. स्टायलिंग आहे."

"मग हात झटकतेस कशाला? थंड पाण्याखाली धर." आणि एवढे होऊनही तिची खात्री पटली नाही; त्या आठवड्यात तिने मला तीनदा फोन करून फोड आली का ते विचारले.

आईचे निदान कलादृष्ट्या किती अचूक होते ते पुढच्या बुधवारी सिद्ध झाले. त्या दिवशी मी निश्चय करून गेले होते की अकराच्या अकरा प्रकार वापरायचेच, जशी एखादी नवी नवरी पहिल्या हळदीकुंकवाला पेटीतले सगळे दागिने एकदम चढवून जाते. साल्साच्या वर्गात दर काही मिनिटांनी जोडीदार बदलतो. त्या फिरतीत माझ्या वाट्याला एक करसल्लागार आले, वृत्तीने अत्यंत सज्जन, अंगाने कृश, नाकावर चष्मा. पहिले तीन प्रकार निर्विघ्न पार पडले. चौथ्यात असे झाले की सातव्या मात्रेवर त्यांनी पुढच्या गिरकीसाठी माझा डावा हात मागितला आणि तो हात त्या वेळी माझ्या केसांत होता. त्यांनी हवेतच मूठ आवळली. आपल्याला बोलावणे आले आहे हे माझ्या हाताच्या लक्षात आले ते आठव्या मात्रेनंतर, आणि झालेल्या विलंबाची भरपाई म्हणून तो इतक्या तत्परतेने खाली आला की वाटेत चष्मा लागला. चष्मा आरशावर आदळून तिघींच्या पायांखालून फिरून शेवटी ध्वनिवर्धकाखाली सापडला. काच शाबूत होती. पंचनामा करणाऱ्या शिक्षिकाबाईंनी निकाल दिला तो असा, की तुमचे दोन्ही हात कामावर हजर होते, फक्त वेगवेगळ्या कचेऱ्यांत.

त्या रात्री परतीच्या गाडीत मला एक गोष्ट उमजली, ती शिक्षिकाबाईंनी पूर्वी चार वेळा सांगितली होती, त्यामुळे माझी म्हणता येणार नाही. चौथ्या व आठव्या मात्रेवर पाय गप्प असतात, असे मी वर म्हटले. पण नेमक्या त्याच जागी काँगा नावाचे उभे, लांबोडे चर्मवाद्य आपले दोन मोकळे, घुमणारे ठोके देतो. दुसऱ्या मात्रेवर त्याची कोरडी चापट असते. शिवाय, दोन लाकडी दांडक्यांवर, आठ मात्रांत पाच आघात देणारे क्लावे नावाचे चालते मोजमाप असते, आणि सगळे वादक मनातल्या मनात त्याच्या आज्ञेत असतात. म्हणजे रिकाम्या हाताला काम द्यायचे, तर संगीतात जागा आधीपासूनच राखून ठेवलेली आहे. नेत्याचा हुकूम ज्या क्षणी नसतो तो क्षण अनुगामिनीचा. मी मात्र अकरा प्रकारांची यादी घेऊन, गाणे कोणते आहे याची चौकशीही न करता, दिसेल त्या मात्रेवर जप्ती आणीत होते. गाण्याच्या शेवटच्या भागात मुख्य गायक एक ओळ टाकतो आणि साथीदार तेच तेच पालुपद परत परत आळवतात. कीर्तनात वाढलेल्या माणसाला याहून ओळखीचे काय असणार? तरीही तेथे बुवांच्या आधी टाळकऱ्याने तोंड उघडावे तशी मी उघडत होते.

हे नृत्य खरे कोणाचे, याविषयीही त्याच सुमारास माझ्या मनात भीती उत्पन्न झाली होती. दुसऱ्यांच्या अंगणात आपण लुडबूड तर करीत नाही? त्यावर मला दिलासा मिळाला तो पॅलेडियमच्या इतिहासाने. ब्रॉडवे आणि 53 व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, माडीवर, पॅलेडियम नावाचे नृत्यगृह होते. ते 1966 साली बंद झाले. त्याच्या भरभराटीच्या काळात तेथे टिटो प्वेंते, टिटो रॉड्रिगेझ आणि माचितो यांचे ताफे वाजत, सर्व वर्णांचे न्यूयॉर्ककर एकाच फरशीवर येत, आणि बुधवारी मांबोची खास मैफल असे. तेथल्या सर्वांत नावाजलेल्या जोडीत पुरुषाचे नाव 'क्युबन पीट'. हा गृहस्थ जन्माने पोर्तो रिकोचा. त्याची अनुगामिनी मिली डोने, ती इटालियन वंशाची. क्युबन म्हणवणारा क्युबन नाही, त्याच्याबरोबर नाचणारी स्पॅनिश बोलणाऱ्यांपैकी नाही, आणि दोघांना अख्खे शहर डोक्यावर घेते. तेव्हा पुण्याच्या एका डाव्या हाताची भर पडल्याने फार मोठी वंशशुद्धी बिघडेल असे मला वाटले नाही. बुधवारही जुळत होता.

एका रविवारी दुपारी वर्गातल्या मंडळींनी मला एका नाचाच्या मेळाव्याला नेले. तेथे सत्तरीच्या घरातली एक बाई नाचत होती. गर्द निळा झगा, पांढरे केस मागे बांधलेले, पायांत बेताच्या टाचेचे जोडे. तीन गाणी मी जागची हलले नाही. त्या बाईने डावा हात छातीच्या वर एकदाही उचलला नाही. बहुतेक वेळ तो झग्याच्या घडीजवळ असे. गाण्यातली सगळी पितळी वाद्ये एकदम थांबत, तसा तो मनगटापासून किंचित वळे, आणि ते वळणे पाहून असे वाटे की वाद्ये तिच्या सांगण्यावरूनच थांबली. अकरा प्रकारांतला एकही प्रकार त्यात नव्हता. शेवटी मी धीर करून तिच्याजवळ गेले, आणि हा संयम, ही परिमितता, हा राजस अल्पाक्षरीपणा कोणत्या गुरूकडे साध्य झाला, असे माझ्या परीने विचारले. बाईने शांतपणे पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाली, "खांदा. चार वर्षं झाली, वर जातच नाही."

या उत्तराने क्षणभर मी हिरमुसले, पण पुढे मला तेच सर्वांत उपयोगी ठरले. दुसऱ्या दिवसापासून मी स्वतःच्या डाव्या खांद्यावर एक काल्पनिक संधिवात लादून घेतला: हात छातीच्या वर नाही, आवर्तनात एकापेक्षा जास्त हालचाल नाही, आणि चौथ्या-आठव्या मात्रेशिवाय परवानगी नाही. अकरा प्रकारांची वही मी मुलीच्या खोलीतल्या कपाटात ठेवून दिली. इतकी बंदी घातल्यावर हाताला एकाएकी स्वतःचे काहीतरी सुचू लागले. महिन्याभराने कोलंबियाचा एक तरुण माझ्याबरोबर नाचता नाचता थांबला आणि विचारू लागला की आठव्या मात्रेवर तुम्ही हात कंबरेशी नेऊन काहीतरी आत सारल्यासारखे करता, ते फारच ढंगदार आहे, ते कोणत्या शाळेत शिकवतात? मला काहीच आठवेना. घरी येऊन काचेच्या दारासमोर ते पुन्हा करून पाहिले तेव्हा उलगडा झाला. माझा डावा हात नसलेला पदर खोचत होता.

त्या तरुणाला मी ही हकिकत सांगितली नाही. पेठेचे नाव मात्र सांगितले, आणि त्याने ते ब्राँक्समध्ये कोठे येते असे विचारले. आता वर्गातल्या दोघी जणी आठव्या मात्रेवर पदर खोचतात. त्यांतली एक आयरिश आहे. आईला मी ही बातमी दिली, ती म्हणाली, "पण नीट खोचा म्हणावं, नाचताना सुटतो."

करसल्लागारांच्या चष्म्याला त्यांनी नंतर मागून दोरी लावून घेतली, आणि माझ्याबरोबर नाचण्यापूर्वी ते ती एकदा ओढून पाहतात. त्यांच्या सज्जनपणाला स्मरून समस्त नेतेमंडळींस माझा विनंतीअर्ज इतकाच, की अनुगामिनीचा डावा हात सातव्या मात्रेवर मागावयाचा असेल तर पाचव्याला किंचित इशारा द्यावा, आठवी मात्रा होता होईतो तिच्यासाठी मोकळी सोडावी, आणि चष्मा असल्यास तो पहिल्या गाण्यापूर्वीच खिशात ठेवावा.